बेअर ॲक्ट: भीक प्रतिबंधक कायदा, १९५९
बेअर ॲक्ट म्हणजे भाष्याशिवाय छापलेला कायद्याचा नुसता मजकूर. मुंबईच्या फोर्टातल्या कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानांत ही पातळ पुस्तिका मागा. घेताना मुखपृष्ठ बघा: नावात ‘महाराष्ट्र’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर प्रत जुनी. छपाई बारीक, कागद बरा.

अन्यायी कायदा कुठे फसतो हे समजायला सरळ कलम २ उघडा. हात पसरणं तर आहेच, पण गाणं, नाच, भविष्य किंवा वस्तू विकण्याच्या बहाण्याने मागणंही भीकच. बहाणा कुठला आणि धंदा कुठला, हे सिग्नलवर गजरे विकणाऱ्या बाईच्या बाबतीत ठरवणार कोण? हवालदार! पुढे तर कहरच: पोटापाण्याचं साधन दिसत नसताना, भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी भटकणं. इथे कृत्य नाही, हालतच गुन्हा. कलम ४ ने वॉरंटशिवाय अटक, कलम ५ ने १ ते ३ वर्षं स्थानबद्धता. तिसऱ्यांदा सापडल्यास कलम ६ प्रमाणे १० वर्षं.

पुस्तिकेत त्रुटी एकच, पण मोठी: पुढचा निकाल प्रत्येक प्रतीत असेलच असं नाही. हाच कायदा दिल्लीतही लागू होता; दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. भीक मागायला लावणाऱ्यावरचं कलम ११ मात्र राहिलं. तळटीप नसलेली प्रत मिळाली, तर समासात पेन्सिलने लिहून ठेवा. महाराष्ट्रात तो निकाल आपोआप लागू होत नाही, हेही शेजारी लिहा.