पहिली एअर रायफल: देशी, वापरलेली युरोपीय की कोरी?

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोमध्ये 10 मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य आणलं. अशी बातमी आली की घरात नेमबाजीचा विषय निघतो, मूल रेंजवर जाऊ लागतं आणि महिना उलटायच्या आत पालक विचारतात, "रायफल कोणती घ्यायची?" चॅम्पियनच्या हातातली रायफल बघून हे ठरवू नका. ती त्याच्या खांद्याला, मानेला आणि वजनाला बसवलेली असते. बारा वर्षांच्या मुलाला ती जडच पडणार.

पहिले तीन-चार महिने क्लबची रायफल वापरू द्या. तेवढ्यात मूल टिकतंय का ते कळतं, कोणता डोळा प्रबळ आहे ते कळतं आणि डावखुरी रायफल लागणार का तेही स्पष्ट होतं. प्रबळ डोळा न तपासता उजव्या हाताची ग्रिप घेतली, तर पुढे ती बदलण्यावर पैसे जातात.

मग पर्याय तीन उरतात.

देशी पीसीपी. प्रेसिहोलसारख्या कंपन्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफली भारतातच बनवतात. किंमत युरोपीय रायफलीपेक्षा बरीच कमी असते, बिल सरळ मिळतं आणि सुटे भाग जवळच मिळतात. उणीव बहुधा दोन ठिकाणी जाणवते: ट्रिगरची बारीक जुळवणी आणि बट प्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) किती मागे-पुढे, वर-खाली सरकते ही मर्यादा. अचूकतेची भीती मात्र लोक उगाच बाळगतात. हिशोब बघा. टार्गेटवरचा 10 चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा 4.5 मिमीचा, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिमीच्या आत राहिला की 10 लागतो. त्यातही मध्याच्या जितकं जवळ, तितके दशांश वाढत 10.9 पर्यंत गुण मिळतात. आधारावर टेकवून मारलेल्या पाच छर्ऱ्यांचा ग्रुप (भोकांचा पुंजका) बाहेरच्या कडांपासून मोजून 7 मिमीत बसला, तर नीट झिरो केलेली (नेम केंद्रावर जुळवलेली) ती रायफल स्वतःच्या चुकीने 10.4 च्या खाली फारशी जात नाही. नवशिक्याचा हात यापेक्षा कितीतरी जास्त हलतो. म्हणून घेण्याआधी दुकानात किंवा रेंजवर हे पाच छर्रे मारून बघण्याचा आग्रह धरा. ग्रुप 9-10 मिमीच्या पुढे गेला तर दुसऱ्या कंपनीचे छर्रे वापरून बघा, आणि तरीही सुधारला नाही तर ती रायफल सोडा.

वापरलेली युरोपीय. वॉल्थर एलजी 300 आणि एलजी 400, फाइनवेर्कबाऊ 700 आणि 800, अन्शुट्झ, स्टायर. मोठे खेळाडू नवी घेतात तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली बाजारात येतात. माझ्या मते बहुतेकांचे पैसे इथेच सगळ्यात चांगले लागतात, पण फसगतही इथेच होते, आणि ती बहुतेक वेळा सिलिंडरमुळे, म्हणजे दाबलेली हवा साठवणाऱ्या नळकांड्यामुळे.

सिलिंडरवर बनवल्याचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. उत्पादक साधारणपणे 10 वर्षांची मुदत देतात, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही ही खेळाडूची जबाबदारी असते. नऊ वर्षांच्या सिलिंडरसह "एकदम मस्त कंडिशन" म्हणून विकायला आलेली रायफल ही खरं तर सिलिंडरविना रायफल आहे. त्याच मॉडेलच्या नव्या सिलिंडरची किंमत विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि मागितलेल्या रकमेतून ती वजा करूनच बोलणी करा. निदान पाच वर्षांची मुदत बाकी असेल तर भाव रास्त समजा.

पुढची तपासणी गळतीची. 200 बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) हवा भरा, सिलिंडर रायफलीला लावून ठेवा आणि 24 तासांनी गेजवरचा आकडा बघा. तो उतरला असेल तर बहुधा एखादी ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेलेली असते. ती स्वस्तात बदलते, पण भाव करताना हा मुद्दा पुढे ठेवा. रेग्युलेटरची, म्हणजे प्रत्येक छर्ऱ्यामागे सारखाच दाब सोडणाऱ्या भागाची, तपासणी जास्त महत्त्वाची. क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) 20 छर्रे मारा, मग दहा मिनिटं थांबून आणखी एक मारा. तो बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त वेगाने गेला तर रेग्युलेटर दाब अडवून धरत नाही. वेग 170 वरून 175 मीटर प्रति सेकंद झाला की 10 मीटरवर छर्रा सुमारे 1 मिमी वर लागतो, म्हणजे 0.4 गुण. मॅचमध्ये थांबून श्वास घेतला की पुढचा छर्रा वर जातो, आणि दोष बिचाऱ्या मुलाच्या तंत्राला दिला जातो.

जुन्या रायफलींत फाइनवेर्कबाऊ 603 सारख्या एकाच लिव्हरने हवा दाबणाऱ्याही मिळतात. त्यांना सिलिंडरच नाही, त्यामुळे मुदतीची आणि पंपाची कटकट नाही. अचूकता आजही मॅचला पुरेशी. पण प्रत्येक छर्ऱ्याला लिव्हर ओढावी लागते, आणि 60 छर्ऱ्यांच्या मॅचमध्ये लहान मुलाचा खांदा थकतो. मोठ्या वयात हौसेने सुरू करणाऱ्यासाठी मात्र हा उत्तम सौदा आहे.

कोरी युरोपीय. खर्च दोन लाखांच्या पुढे. गॅरंटी, पूर्ण मुदतीचा सिलिंडर आणि पुढे विकताना चांगला भाव, हे तिन्ही फायदे खरे आहेत. राज्य पातळीवर पात्रता गुण येऊ लागले, उंची वाढायची थांबली आणि घरावर ताण न येता पैसे उभे राहत असतील, तर घ्या. त्याआधी नाही. कर्ज काढून तर मुळीच नाही.

कोणतीही घ्या, मापाची चाचणी एकच. मुलाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. मान न वाकवता डायऑप्टरच्या (डोळ्याजवळच्या बारीक छिद्राच्या नेमयंत्राच्या) मधोमध बघता आलं पाहिजे. नाही आलं तर गालपट्टी आणि बट प्लेट हलवा, आणि सरकवायला जागा उरली नसेल तर ती रायफल या मुलाची नाही. ॲल्युमिनियमचा स्टॉक (रायफलीचा दस्ता) इथे लाकडी स्टॉकपेक्षा सरस ठरतो, कारण वाढत्या मुलासोबत तो लांबवता येतो. नियमाने वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण 40 किलोच्या मुलाला चार किलोच्या आसपासची पुरे. वजन नंतर वाढवता येतं.

बजेट मांडताना लोक छर्रे विसरतात. रोज 80 छर्रे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे महिन्याला 1,600 आणि वर्षाला 500 चे जवळपास 38 डबे. नवशिक्याने रोजच्या सरावाला साधे मॅच छर्रे वापरावेत आणि आरडब्ल्यूएस आर10 किंवा एच अँड एन फिनाले मॅच स्पर्धेसाठी ठेवावेत. निम्मा सराव ड्राय फायरचा (छर्रा न घालता ट्रिगर दाबण्याचा) केला तर हा खर्च थेट अर्ध्यावर येतो आणि ट्रिगरवरचं बोटही सुधारतं. जॅकेट, ट्राउझर आणि बूट वापरलेले घ्या. वर्षभरात ते आखूड होणारच.

मुंबई-कोकणात हातपंप वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात जपावं. दमट हवेतलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि रेग्युलेटर खातं. रेंजवर कोरड्या हवेची मोठी टाकी असेल तर तिथूनच भरा. हवेच्या मार्गात साधं तेल कधीही घालू नका, उच्च दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस वापरा.

कागदपत्रांचं राहिलं. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिमीपर्यंत बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. मॅच रायफल साधारण साडेसात जूलची असते. तरीही विक्रेता ओळखपत्राची प्रत घेतो, ती द्या. वापरलेली घेताना मूळ बिलाची प्रत आणि सिरियल नंबर लिहिलेली विक्री पावती, दोघांच्या सहीने करून घ्या. स्पर्धेला रेल्वेने जाताना रायफल बॅगेतच असू द्या. विमानाने जाणार असाल तर सिलिंडर रायफलीपासून काढून पूर्ण रिकामा करा आणि एअरलाइनला आधी कळवा.