४९९ रुपयांची सोडवलेली गणिते

सांडपाणी प्रक्रिया हा विषय घेऊन एम.टेक. करणाऱ्या किंवा त्याच विषयाची स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कोणालाही ‘सर्व प्रकरणांची सोडवलेली गणिते, भारतीय एककांत रूपांतरित, पीडीएफ फक्त ४९९ रुपये’ असा संदेश टेलिग्रामवर आला असेल, तर पैसे भरण्यापूर्वी माझी हकिकत वाचावी. माझे एकूण ७९९ रुपये गेले. ती रक्कम मी एव्हाना विसरले असते, पण त्या पीडीएफमधून जे चुकीचे शिकले ते निस्तरण्यात एक अख्खे सत्र गेले.

मी पुण्यात एका सल्लागार कंपनीत ड्रॉइंगचे काम करते आणि संध्याकाळी व शनिवारी वर्गाला जाते. आम्हाला लावलेले पाठ्यपुस्तक अमेरिकन असून त्याच्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गणिते दिलेली आहेत, त्यांची उत्तरे मात्र पुस्तकात नाहीत. ती वेगळ्या पुस्तिकेत असतात आणि ती पुस्तिका फक्त शिकवणाऱ्यांना मिळते. दिवसभर मॅनहोलच्या इन्व्हर्ट लेव्हल (नळाच्या आतल्या तळाची उंची) तपासून रात्री साडेदहाला गणित सोडवायला बसल्यावर आपले उत्तर बरोबर आले की चुकले हे सांगणारे कोणी नसते, आणि नेमकी हीच अडचण हेरून हा धंदा चालतो.

विक्रेता स्वतःला ‘सर’ म्हणवत असे. त्याच्या चॅनेलवर टेबलावर रचलेल्या जाड पुस्तकांचा फोटो होता. मी लगेच पैसे भरले नाहीत, आधी नमुना मागितला. त्याने तत्काळ पहिली दोन प्रकरणे पाठवली आणि मी त्यांतली सहा गणिते स्वतः करून पाहिली, तेव्हा सहाही जुळली. हापूसच्या पेटीचा वरचा थर पाहून पेटी उचलावी तसा हा प्रकार झाला, हे आता कळते. पहिली दोन प्रकरणे प्रवाहाचे मोजमाप आणि नमुने गोळा करणे यांविषयी होती, त्यांत चुकायला फारसा वावच नव्हता. पाचव्या-सातव्या प्रकरणातले माझ्या पसंतीचे एखादे गणित मी मागायला हवे होते. ४९९ रुपये भरल्यावर फाइल आली ती कुलूपबंद, आणि पासवर्डसाठी आणखी ३०० रुपये लागतील असा निरोप आला. तिथेच शहाणे व्हायला हवे होते, पण ४९९ वाया जाऊ नयेत म्हणून मी तेही भरले.

पुढचे तीन महिने मी त्या पीडीएफवरून अभ्यास केला. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत आमच्या वर्गाच्या सरांनी साधा प्रश्न विचारला: १० एमएलडी सांडपाणी येते, त्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, तर ऐरेशन टँकवर दिवसाला किती किलो बीओडीचा भार पडेल? (एमएलडी म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर, बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, आणि ऐरेशन टँक म्हणजे सांडपाण्यात हवा सोडायची टाकी.) पीडीएफमध्ये नेमके हेच गणित होते. मी आत्मविश्वासाने १० गुणिले २०० गुणिले ८.३४ असे मांडले आणि १६,६८० किलो असे उत्तर दिले. सरांनी कागद स्वतःकडे ओढून पाहिला आणि विचारले, “मॅडम, हे गावाचे सांडपाणी आहे की साखर कारखान्याचे?” मग त्यांनी माझ्याकडूनच वदवून घेतले: १० एमएलडी म्हणजे १ कोटी लिटर, प्रत्येक लिटरमध्ये २०० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण २०० कोटी मिलिग्रॅम, म्हणजेच २,००० किलो. ८.३४ हा आकडा त्यात येतोच कुठून, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वहीत मात्र तो लाल शाईने चौकट करून ‘सूत्र’ म्हणून लिहून ठेवलेला होता.

घरी येऊन शोधले तेव्हा उलगडा झाला. एक अमेरिकन गॅलन पाणी ८.३४ पौंड भरते, म्हणून प्रवाह दशलक्ष गॅलनमध्ये आणि बीओडी लिटरला मिलिग्रॅममध्ये असेल तर भार पौंडांत काढण्यासाठी त्या आकड्याने गुणावे लागते. दशलक्ष लिटर आणि किलो वापरले की त्याची गरजच उरत नाही. फाइल तयार करणाऱ्याने गॅलनच्या जागी लिटर आणि पौंडाच्या जागी किलो असे शब्द घातले होते, गणित जसेच्या तसे ठेवले होते. ज्याला तो ‘भारतीय एककांत रूपांतरित’ म्हणत होता ते काम एवढेच.

ही चूक ढोबळ होती म्हणून सापडली. खरी भीती वाटली ती बरोबर वाटतील अशा चुकीच्या उत्तरांची. अमेरिकेत बीओडी चाचणी २० अंश सेल्सियसला ५ दिवसांची असते, आपल्याकडे २७ अंशांना ३ दिवसांची असते. पीडीएफमधल्या एका गणितात ‘५ दिवस, २० अंश’ हे शब्द बदलून ‘३ दिवस, २७ अंश’ असे केले होते, पण आतल्या आकडेमोडीत वेग-स्थिरांक (घाण किती वेगाने कुजते तो आकडा) दिवसाला ०.२३ आणि कालावधी ५ दिवस हेच राहिले होते. त्यामुळे २०० च्या बीओडीवरून अंतिम बीओडी (सगळी घाण कुजेपर्यंत लागणारा एकूण ऑक्सिजन) २९३ आला. वास्तविक ०.२३ हा २० अंशांचा स्थिरांक आहे. दर अंशाला १.०४७ ने गुणायची तापमानाची नेहमीची दुरुस्ती सात अंशांसाठी केली की तो सुमारे ०.३१७ होतो, त्यात ३ दिवस घातले की उत्तर ३२६ च्या आसपास येते. २९३ पाहून कोणालाही शंका येणार नाही. याच आकड्यावरून कोणी ऑक्सिजनची गरज काढली, तर ती दहा टक्क्यांनी कमी निघेल आणि त्यावर निवडलेला, टाकीला हवा पुरवणारा ब्लोअरही तेवढाच अपुरा पडेल. मी नंतर ऐरेशन आणि निवळण टाकीची सगळी गणिते हाताने पुन्हा केली, तेव्हा निम्म्याहून अधिक चुकीची निघाली.

मी पैसे परत मागितले. त्याने ‘रिफंड’ असे लिहिलेला क्यूआर कोड पाठवला आणि स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो पैसे देतानाच लागतो, एवढे मला ठाऊक होते म्हणून तिथे वाचले. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केले. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली तेव्हा पैसे भरून तीन महिने होऊन गेले होते. ती तातडीने केली असती तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची थोडी तरी शक्यता होती. उशीर होण्याचे आणखी एक कारण होते आणि ते लिहिणे मला जड जाते. शिक्षकांसाठी असलेल्या पुस्तिकेची चोरटी प्रत आपण विकत घेत आहोत हे मला पैसे भरतानाच माहीत होते, त्यामुळे फोनवर “नेमके काय घेतलेत?” असे विचारल्यावर माझी वाचाच बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि या विक्रेत्यांची सगळी भिस्त त्यावरच असते.

सोडवलेली गणिते हवीच असतील, तर केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेची मलनिस्सारण आणि मैलापाणी प्रक्रियेवरची २०१३ ची नियमपुस्तिका केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तिच्या अभियांत्रिकीच्या भागाच्या परिशिष्टांत आराखड्याची उदाहरणे पायरीपायरीने करून दाखवली आहेत, आणि ती आपल्या एककांत आहेत. मी आता ती उत्तराची बाजू पुठ्ठ्याने झाकून सोडवते आणि प्रत्येक पायरीवर आकड्याशेजारी त्याचे एकक लिहिते. वेळ दुप्पट लागतो. वहीतली लाल चौकट मी खोडलेली नाही, तिच्याखाली ‘पौंड’ एवढाच शब्द लिहिला आहे.

गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलाने मला एक चॅनेल दाखवून “हे घेऊ का?” असे विचारले. नाव वेगळे होते आणि किंमत ५९९ झाली होती. टेबलावरच्या पुस्तकांचा फोटो तोच होता, आणि नमुना म्हणून पाठवलेली प्रकरणेही तीच पहिली दोन होती.