बिनहुकमी एक: बारावर की पंधरावर?
कापूस घरात आला की यवतमाळकडच्या आमच्या गावात ओसरीवर पत्त्यांचा ब्रिज रंगतो. माझे भिडू गुरुजी मोठ्या पत्त्यांचे १५ ते १७ गुण असले तरच 'एक बिनहुकमी' (हुकूम न ठरवता सात हात करायची बोली) बोलणारे. मी १२ ते १४ वाला. माझ्यासारखे पत्ते जास्त वेळा येतात, अन् समोरच्यांना थेट दोनच्या बोलीवर चढावं लागतं. पण आपण व्हल्नरेबल (म्हणजे जास्त दंडाच्या पाळीत), वरून समोरच्यांचा दंड वाढवणारा डबल, त्यात दोन हात कमी पडले, की दंडाचे ५०० गुण गेले! मागच्या पोळ्याला हेच झालं. गुरुजी काही बोलले नाहीत, नुसती सुपारी कातरत बसले. त्यावर भिडूनं 'दोन किलवर' बोलून बदामाची किंवा इस्पिकची चार पानं आहेत का विचारणं, हे दोन्ही पद्धतींत सारखंच. आता ठरलंय: व्हल्नरेबल असलो तर गुरुजींचं चालेल, नसलो तर बाप्पा, बारावरच!