गाण्यांचं लेबल (गाणी रेकॉर्ड करून काढणारी कंपनी) काढणाऱ्या पोट्ट्यांनो, स्टॅम्पवर सही करायच्या आधी हे वाचा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, खडी गंमत, दंडार ह्या लोककला गाणारे एकाहून एक शाहीर आहेत, लोक त्यांची गाणी मोबाईलवर शूट करून टाकतात अन् कलाकाराले रुपया भेटत नाही. म्हणून आम्ही तिघांनी धानाच्या पैशातून लेबल काढलं, खोलीच्या भिंतीले बारदाना ठोकून रेकॉर्डिंग केलं, टुणटुण्याची तारही साफ ऐकू येत होती. वर्षभरात सगळं संपलं.

नागपूरचा एक माणूस आला, म्हणे सगळ्या ॲपवर गाणी टाकतो, रॉयल्टी, म्हणजे गाणं वाजलं का मिळणारा पैसा, थेट खात्यात. लेबल रजिस्ट्रेशनचे 30,000, वर 18 टक्के जीएसटी, झाले 35,400. मग प्रमोशनचे 11,800. एकूण 47,200 रुपये. पैसे त्यानं घेतले, रॉयल्टी काही आली नाही.

क्यूआर स्कॅन केला तर कंपनीचं नाव नाही, कोण्या बाईचं नाव आलं. तिथंच थांबायले पाहिजे होतं, तिथंच! बिलात जीएसटी लावला अन् 15 अक्षरी जीएसटी नंबरच नाही. विचारलं तर म्हणे, "मिसेसचं खातं आहे भाऊ, करंट अकाउंटची लिमिट संपली." पण शाहिराच्या पाया पडून, आपल्या घरचा चहा पीत बसलेल्या माणसावर कोण संशय घेते? कोणीही पैसे टाकलेच असते.

मग 500 च्या स्टॅम्पवर सही घेतली, "फक्त ॲपसाठी परवानगी" म्हणे. आत होतं, सगळे हक्क कायमस्वरूपी. कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे, मुदत लिहिली नसली तर 5 वर्षंच धरतात, म्हणून तर त्यानं तो शब्द घातला. लायसन्स (फक्त वापरायची परवानगी) द्या, असाइनमेंट (हक्कच त्याच्या नावावर) देऊ नका, मुदत आकड्यात लिहा. आमच्याच गाण्यांवर आमच्याच यूट्यूब चॅनलले त्यानं स्ट्राइक (कॉपीराइटच्या तक्रारी) मारले, 90 दिवसांत तीन झाले का चॅनल जाते, गेलं.

ठाण्यात म्हणे सायबरकडं जा, सायबरवाले म्हणे तुम्ही स्वतः पैसे पाठवले, हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा. वरून एक साहेब हसून म्हणे, "गाणीच तर आहेत ना?" अरे बाप्पा, कॉपीराइट मोडण्याच्या गुन्ह्याचं कलम 63 दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांले थेट गुन्हा नोंदवता येते, असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये सांगितलं, ते ह्यांना आम्ही शिकवायचं का? शाहीर अजून विचारतात, पैसे कधी येतीन.

अन् पैसे गेले का त्याच घडीला 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनले फोन लावा, नंतर खात्यात काही उरत नाही.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं अजून कोणाले हा माणूस भेटला असेल तर सांगा, बिल अन् स्टॅम्पचे फोटो माझ्याकडं आहेत, चार जणांच्या सह्यांचा अर्ज घेऊन एसपी साहेबांकडं जाऊ.