रंग काढतो झकास, पण मग सोडत नाही

द्राक्षाच्या चोथ्यातून अँथोसायनिन (लाल-जांभळं रंगद्रव्य) काढायला मी इतकी वर्षं आम्ल घातलेलं मिथेनॉल वापरत आले. काम चोख, पण पदार्थ विषारी. फ्यूम हूडपाशी (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटापाशी) उभं राहून पाय दुखायचे आणि वापरलेल्या मिथेनॉलचे कॅन कोपऱ्यात साठत जायचे. म्हणून कोलिन क्लोराइड आणि लॅक्टिक आम्लाचा तयार डीप युटेक्टिक सॉल्व्हंट (रंग विरघळवून घेणारा द्रव) मागवला. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, तीन आठवडे वापर.

हे प्रकरण नवं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन पदार्थ ठरावीक प्रमाणात एकत्र आले की हायड्रोजन बंधांमुळे मिश्रणाचा द्रवणांक धाडकन खाली येतो. 2003 साली ॲबट आणि सहकाऱ्यांनी दाखवलेलं कोलिन क्लोराइड (302 अंश सेल्सिअस) आणि युरिया (133 अंश) यांचं 1:2 मिश्रण 12 अंशांनाच वितळतं. माझ्या बाटल्या त्याच कुळातल्या.

पहिल्याच दिवशी पिपेटने हात टेकले. टोकाला थेंब लोंबतोय, पडायचं नावच नाही. शेवटी मोजमाप सोडून वजनावर आले. 30 टक्के पाणी घातल्यावर मात्र छान वाहायला लागला. फार पाणी घालू नका, बंधांचं जाळं विसकटतं आणि हातात नुसतं आंबट-खारट पाणी उरतं.

आता कौतुक. 50 अंशांवर, स्टिररवर दहाव्या मिनिटाला बीकर गडद लाल! लॅक्टिक आम्लामुळे वेगळं आम्ल घालायची गरज नाही, रंग लाल टिकतो. 520 नॅनोमीटरवरचं, म्हणजे किती रंग उतरला ते सांगणारं, रीडिंग मिथेनॉलच्या बरोबरीचं आलं, दोनदा तर किंचित वरच. वासही नाही म्हणावा इतका.

मग सवयीने फ्लास्क रोटाव्हॅपला (कमी दाबावर द्रव उडवणाऱ्या यंत्राला) लावला. पाणी उडालं, पाक जागच्या जागी. या सॉल्व्हंटचा बाष्पदाब जवळपास शून्य, हे मला पाठ होतं, तरी लावला! रंग सोडवायला मॅक्रोपोरस रेझिनचा (रंग धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र मण्यांचा) कॉलम भरावा लागला: अर्क पातळ करून ओता, रंग रेझिनला धरला की भरपूर पाण्याने सॉल्व्हंट धुऊन काढा, मग इथेनॉलने रंग उतरवा. म्हणजे इथेनॉल आलंच. वर धुतलेल्या पाण्यातून सॉल्व्हंट परत हवा असेल तर ते सगळं पाणी आटवा. माहितीपत्रकात मात्र 'सहज पुनर्वापर' असं ठळक अक्षरांत. पुरवठादाराला कसा ते विचारलं, तर तेच माहितीपत्रक पुन्हा पाठवलं.

खरा राग लेबलचा आहे. पाण्याचं प्रमाण कुठेच नाही. कार्ल फिशरवर (पाण्याचं प्रमाण मोजायच्या चाचणीने) दोन्ही बाटल्या तपासल्या, आकडे जुळेनात. कोलिन क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं, शिवाय लॅक्टिक आम्लाबरोबर त्याचं हळूहळू एस्टर बनतं आणि त्यातही पाणी सुटतं. अशा मालावर बनवल्याची तारीख तरी हवी ना?

अर्क आहे तसाच, सॉल्व्हंटसकट, क्रीमसारख्या उत्पादनात जाणार असेल तर जरूर घ्या. शुद्ध भुकटी हवी असेल तर आम्ल घातलेलं इथेनॉल बरं. मी पुढच्या वेळी दोन्ही घटक स्वतः तोलून, गरम करून घरचंच मिश्रण करणार. पाचात तीन तारे, तेही त्या लाल बीकरसाठी. आणि बाटलीखाली कागद ठेवा. माझ्या टेबलावर पहिल्या दिवशी सांडलेला थेंब अजून ओलाच आहे.