रत्नागिरीतला जिउ-जित्सू क्लास, सोडायचा विचार असेल तर आधी इथे जा

ब्लू बेल्टनंतर (पांढऱ्याच्या पुढचा पट्टा) खूप जण सोडतात, आयबीजेजेएफच्या (ब्राझिलियन जिउ-जित्सूची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमाने पर्पलसाठी, म्हणजे त्यापुढच्या पट्ट्यासाठी, ब्लूवर साधारण किमान 2 वर्षं काढावी लागतात आणि रोलिंगमध्ये (सरावाच्या झटापटीत) रोज टॅप करून करून, म्हणजे हाताने थोपटून हार मानून मानून, जीव कंटाळतो, माझंही तेच झालेलं. इथल्या सरांनी लेक्चर नाही दिलं, म्हणाले महिनाभर फक्त हाफ गार्डमधून (जमिनीवर एकाचा एक पाय दुसऱ्याच्या पायांत अडकलेला असतो ती स्थिती) सुटायचं बघ, हरणं-जिंकणं मोजूच नको. तेवढ्याने परत मजा यायला लागली, खरंच! पावसाळ्यात आपल्याकडे गी (सरावाचा जाड पोशाख) वाळता वाळत नाही म्हणून तेव्हा नो-गी, म्हणजे गीशिवायचा सराव, ठेवतात, हे तर फारच भारी. सिनियर नवख्यांना सांभाळून घेतात, मॅटही रोज पुसतात. जागा मात्र लहान आहे, संध्याकाळी गर्दी होते, जमलं तर सकाळची बॅच घ्या.