जुनी हार्डडिस्क, बनावट यादी आणि २४,००० रुपये

जुन्या संगणकाच्या हार्डडिस्कमधील मजकूर परत मिळवून देतो, असे सांगून नागपुरातील एका दुकानाने आमच्याकडून दोन हप्त्यांत २४,००० रुपये घेतले. हाती आला तो बनावट फायलींचा एक पेनड्राइव्ह आणि झाकण उघडून खराब केलेली डिस्क. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने दुकानाचे नाव लिहीत नाही. फसवणुकीची पद्धत मात्र तपशिलाने लिहिते आहे, कारण या कामात ग्राहकाला स्वतः काहीच तपासता येत नाही, या समजुतीवरच हा धंदा चालतो, आणि ती समजूत खरी नाही.

माझे काका साकोलीच्या बाजूला शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर नागपूरला महाल भागात राहत. झाडीबोली या पूर्व विदर्भातील बोलीतले शब्द, म्हणी आणि दंडार या तिथल्या लोकनाट्यातील गाणी त्यांनी गावोगाव फिरून जमवली आणि घरच्या संगणकावर स्वतः टंकून ठेवली. संगणक डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालणारा होता, मराठीसाठी त्यात सी-डॅकचे जिस्ट कार्ड होते आणि हार्डडिस्क सीगेटची एसटी-२५१ होती. मजकूर साठवणाऱ्या तीन तबकड्या, त्यावर लिहिणारी-वाचणारी सहा टोके म्हणजे हेड आणि सुमारे ४२ मेगाबाइट क्षमता, म्हणजे आजच्या मोबाइलमधील दहा-बारा छायाचित्रांनी भरून जाईल एवढीच जागा. १९९७ मध्ये काका गेले आणि संगणक कापडाखाली झाकून ठेवला गेला. अलीकडे तो सुरू करून पाहिला, तेव्हा पडद्यावर हार्डडिस्क सापडत नसल्याचा संदेश आला.

बर्डीतील त्या दुकानात डिस्क आणि तिला संगणकाशी जोडणारे कंट्रोलर कार्ड घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसाने डिस्क कानाजवळ धरून हलवली आणि ‘हेड क्रॅश’, म्हणजे हेड तबकडीवर आदळले आहे, असे निदान केले. डिस्क मुंबईच्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ नसलेल्या खास खोलीत उघडावी लागेल, ६,००० रुपये आगाऊ आणि फायलींची यादी पाहून पसंत पडल्यावर उरलेले १८,००० द्यायचे, असे ठरले. यादी आधी दाखवणार म्हटल्यावर व्यवहार सरळ वाटतो, आणि यादीचा उपयोगही नेमका त्यासाठीच असतो. मग एक छापील अर्ज पुढे आला. डिस्क कोणाची होती, तिच्यात कोणत्या विषयाचा मजकूर आहे, कोणत्या फायली सर्वांत महत्त्वाच्या आहेत, असे बरेच रकाने त्यात होते. “मॅडम, जितकं जास्त लिहाल तितकं शोधायला सोपं जाईल,” असे तो म्हणाला. कुडमुड्या जोशी आपल्याच तोंडून सगळे काढून घेतो आणि तेच आपल्याला भविष्य म्हणून ऐकवतो. पुढे झाले ते त्याहून वेगळे नव्हते.

काही आठवड्यांनी यादीचे स्क्रीनशॉट आले. ‘झाडीबोली शब्दसंग्रह’, ‘दंडार गाणी’, ‘म्हणी भाग १’ ही नावे पाहून काकूंचे डोळे भरून आले आणि उरलेले पैसे त्याच दिवशी दिले गेले. पेनड्राइव्हवरील बहुतेक फायली उघडल्याच नाहीत. त्यावर दुकानाचे उत्तर असे की, तबकडी मुळातच खराब असल्याने फायली तुटक आल्या आणि अर्जावर तशी अट आहे. जी एक फाइल नीट उघडली, तिच्यात झाडीपट्टीची ओळख करून देणारा मजकूर होता. काकूंनी तो वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीवर थांबल्या. झाडीपट्टीत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे चार जिल्हे येतात, असे तेथे लिहिले होते. “अगं, हे असताना गोंदिया जिल्हा होता कुठं?” त्या म्हणाल्या. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.

त्यानंतर अभियांत्रिकी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका परिचित प्राध्यापकांनी ते स्क्रीनशॉट बारकाईने पाहिले आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. डॉसमध्ये फाइलचे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे आणि त्यापुढचे शेपूट तीन अक्षरांचे असते, तर यादीतील नावे लांबलचक आणि थेट देवनागरीत होती. जिस्ट कार्डावर टंकलेला मजकूर इस्की या सांकेतिक पद्धतीत साठवला जातो आणि आजच्या संगणकावर रूपांतर केल्याशिवाय तो वाचता येत नाही. उघडलेली फाइल मात्र सरळ युनिकोड या आजच्या पद्धतीत होती. एका चित्रात फाइल निर्माण झाल्याची तारीख १९९२ मधली दिसत होती. त्या काळचे डॉस निर्मितीची तारीख नोंदवतच नसे, ते फक्त शेवटच्या बदलाची वेळ लिहीत असे आणि तीही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने, त्यामुळे सेकंदांचा आकडा नेहमी सम असायला हवा. चित्रातील शेवटच्या बदलाच्या वेळेत तो विषम होता. यादीच्या तळाशी एकूण आकार ३०० मेगाबाइटांच्या वर गेलेला होता, आणि हे ताडून पाहायला तर संगणकाचे कोणतेही ज्ञान लागत नाही, फक्त डिस्कची ४२ मेगाबाइटांची क्षमता आठवावी लागते.

सरांच्या मते मूळ बिघाड बहुधा डिस्कमध्ये नव्हताच. अशा संगणकात डिस्कच्या रचनेचे, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे मदरबोर्डावरील बॅटरीच्या आधाराने लक्षात राहतात. बॅटरी संपली की डिस्क चांगली असूनही संगणकाला ती ओळखू येत नाही. आकडे पुन्हा भरून पाहणे हा पहिला उपाय, पण तो करण्याची वेळ आता गेली आहे. परत आलेल्या डिस्कचे सील कापलेले आहे, स्क्रूंच्या खाचा झिजल्या आहेत आणि सर्वांत वरच्या तबकडीवर बोटाचा ठसा आहे. हेड तबकडीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते, म्हणून तो ठसा पुसल्याशिवाय डिस्क फिरवणे धोक्याचे आहे. क्लीनरूममध्ये उघड्या बोटांनी काम होत नाही, एवढे कोणालाही समजेल. डिस्क उघडली गेली ती केवळ एका छायाचित्रासाठी, आणि ते छायाचित्र आम्हाला पुरावा म्हणून पाठवले गेले होते.

कंट्रोलर कार्ड तर परतच मिळाले नाही. ते ‘भंगार’ म्हणून टाकून दिल्याचे सांगण्यात आले. आमच्या डिस्कसारख्या जुन्या, एमएफएम पद्धतीने मजकूर नोंदवणाऱ्या डिस्कचे कार्ड तिच्यापासून वेगळे करू नये, कारण एका कार्डाने आखलेली (फॉरमॅट केलेली) डिस्क दुसऱ्या जातीच्या कार्डाला अनेकदा वाचता येत नाही. आज अशा डिस्कवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून नंतर त्यांचा अर्थ लावणारे वाचक-बोर्ड उपलब्ध आहेत, त्यामुळे आमची वाट पूर्ण बंद झालेली नाही. हे काम करणारा माणूस आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे तिच्यातील सगळ्या माहितीची जशीच्या तशी प्रत घेतो आणि पुढचे सगळे त्या प्रतिमेवर करतो. कंट्रोलर अंगातच असलेल्या नंतरच्या आयडीई डिस्क असतील, तर लिहिण्याला अटकाव करणारे उपकरण जोडून डीडीरेस्क्यूसारख्या मोफत प्रणालीने आधी चांगला भाग आणि मग खराब भाग उतरवून घेतात. तेव्हा यादीऐवजी ती प्रतिमा मागावी आणि विषय सांगितला तरी फायलींची नावे सांगू नयेत. डिस्क देण्यापूर्वी लेबलाचे आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र काढावे आणि ‘लेखी परवानगीशिवाय झाकण उघडू नये’ हे वाक्य पावतीवरच लिहून घ्यावे.

काकांच्या ट्रंकेत नंतर डॉट मॅट्रिक्सवर छापलेली फायलींची जुनी यादी सापडली. तिच्यातील एकही नाव दुकानाच्या यादीत नाही. ती यादी, अर्जाची प्रत, स्क्रीनशॉट आणि सरांचे लेखी मत तक्रारीला जोडले आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी मार्गदर्शनही मिळते. तक्रारीची नोटीस गेल्यावर दुकानातून फोन आला आणि ६,००० रुपये परत घेऊन प्रकरण मिटवा, असे सुचवण्यात आले. काकूंनी कंट्रोलर कार्ड मागितले. त्यानंतर फोन आलेला नाही.